हार्मोन आणि मधुमेह: कोकणातल्या विद्यार्थ्यासाठी डॉक्टर ते संशोधक या वाटेचे मार्गदर्शन

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाला वा मुलीला हार्मोनच्या आजारांचा तज्ज्ञ व्हायचे असेल आणि पुढे मधुमेहावर संशोधनही करायचे असेल, तर सर्वांत आधी वेळेचा हिशेब समजून घ्यावा लागतो. एमबीबीएसची साडेचार वर्षे, सक्तीच्या इंटर्नशिपचे एक वर्ष, एमडी या पदव्युत्तर पदवीची तीन आणि डीएम या त्यापुढच्या अतिविशेष पदवीची तीन मिळून साडेअकरा वर्षे होतात. त्यात प्रवेश परीक्षांच्या तयारीत जाणारा काळ, सरकारी कॉलेजात शिकल्यास बाँडची (करारानुसार सक्तीची सरकारी) सेवा आणि संशोधनाला वेगळा दिलेला वेळ धरला, तर बारावीनंतर तेरा-चौदा वर्षे सहज निघून जातात. बागायत किंवा मच्छीचा धंदा सांभाळणाऱ्या आईवडिलांना हा हिशेब पहिल्याच वर्षी मांडून दाखवावा, म्हणजे एमबीबीएस झाल्या झाल्या 'दवाखाना कधी टाकतोस?' हा प्रश्न दर गणपतीला नव्याने ऐकावा लागत नाही.

पायऱ्या सांगण्याआधी माझे एक मत स्पष्ट करतो. आपल्याकडे संशोधन म्हणजे सगळ्या पदव्या पदरात पडल्यावर सवडीने करायचे काम, असे बहुतेक विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात ते केसपेपर नीट लिहिण्यापासून सुरू होते, आणि ज्याला ही सवय उशिरा लागते त्याच्या हाती तज्ज्ञ झाल्यावरही तपासता येईल अशी माहिती फारशी नसते. खालच्या प्रत्येक पायरीवर म्हणूनच अभ्यासाबरोबर नोंदींचाही विचार केला आहे.

विषयाचा आवाका

एंडोक्रायनॉलॉजी हा हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथींचा आणि त्यांच्या आजारांचा विषय आहे. पिट्यूटरी, थायरॉइड, पॅराथायरॉइड, अ‍ॅड्रिनल, स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, बीजांडे आणि वृषणे हे सगळे त्यात येते. ओपीडीतली मोठी गर्दी मधुमेह आणि थायरॉइडची असते हे खरे. पण त्याच रांगेत उंची खुंटलेला मुलगा, वयात येण्यास उशीर झालेली मुलगी, पीसीओडीची तरुणी, वारंवार मुतखडे होणारा आणि रक्तात कॅल्शियम वाढलेला गृहस्थ असे पेशंटही बसलेले असतात.

एक उदाहरण थोडे सविस्तर पाहू. प्रसूतीच्या वेळी फार रक्तस्राव झाला, तर त्या काळात आकाराने वाढलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि तिचा भाग कायमचा निकामी होतो. या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशा बाईला बाळंतपणानंतर दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, आणि पुढे कित्येक वर्षे ती 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक आणि सलाइन घेत राहते. एखाद्या दिवशी ताप किंवा जुलाबाचे निमित्त होते, रक्तातले सोडियम खाली जाते आणि ती बेशुद्ध होऊन दवाखान्यात येते. त्या वेळी 'शेवटच्या बाळंतपणानंतर अंगावर दूध आले होते का?' हा एक प्रश्न विचारणारा डॉक्टर निदानापर्यंत पोचतो. हार्मोनची कमतरता रक्ताक्षय, नैराश्य, हृदयविकार, साधा थकवा अशा अनेक रूपांत समोर येत असल्यामुळे या विषयात जनरल मेडिसिनचा पाया कच्चा ठेवून कोणालाही पुढे जाता येत नाही.

पहिली पायरी: एमबीबीएस

प्रवेशासाठी नीट-यूजी ही एकच परीक्षा आहे आणि तिची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. तरीही पुढची साडेचार वर्षे शिकवणे, पुस्तके आणि पेपर इंग्रजीत असतात, म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने अकरावीपासून जीवशास्त्र इंग्रजीतून वाचण्याची सवय ठेवावी. सरकारी कॉलेजांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलमार्फत भरल्या जातात. नियम दर वर्षी थोडेफार बदलत असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, क्लासच्या नोटिशीवर विसंबू नये. कोकणातल्या मुलांना पूर्वी मुंबई, कोल्हापूर किंवा मिरज गाठावे लागे. आता अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत आणि चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालयाचे खासगी महाविद्यालय आहे. नव्या कॉलेजात सगळे विभाग भरलेले नसतात, ही अडचण खरी आहे; पण जिल्हा रुग्णालयाचा पेशंट हाताखालून जातो, हा फायदाही तितकाच खरा आहे.

पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीतला हार्मोनचा भाग पाठ करण्यापेक्षा नियंत्रणाची साखळी समजून घ्यावी. थायरॉइडचे हार्मोन कमी झाले की पिट्यूटरी थायरॉइडला चालना देणारे टीएसएच वाढवते आणि जास्त झाले की दाबते, ही एक साखळी डोक्यात पक्की बसली तर कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉनचे अर्धे काम झालेले असते. मग टी-४ हे थायरॉइडचे हार्मोन कमी असूनही टीएसएच वाढलेले नाही असा रिपोर्ट हातात आला, तर दोष थायरॉइडमध्ये नसून वर पिट्यूटरीत असावा, हे कोणी न सांगता लक्षात येते.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शॉर्ट टर्म स्टुडंटशिपसाठी अर्ज करावा. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने एका शिक्षकाच्या हाताखाली सुमारे दोन महिन्यांत करण्याजोगा लहान प्रकल्प, त्याचा आराखडा, अहवाल आणि मंजूर अहवालावर स्टायपेंड, असे या योजनेचे स्वरूप आहे. विषय लहानच घ्यावा. ओपीडीत येणाऱ्या मधुमेहींपैकी किती जणांचे पाय मागच्या वर्षभरात कोणी तपासले, एवढा प्रश्नसुद्धा पुरतो. या निमित्ताने पायाची संवेदना तपासणारा दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट हातात येतो: पेशंटने डोळे मिटायचे, तळव्यावर ठरलेल्या जागी नायलॉनचा तो तंतू वाकेपर्यंत टेकवायचा आणि 'लागले का?' असे न विचारता 'कुठे लागले ते सांगा' असे म्हणायचे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगळी येतात, कारण पहिल्या प्रश्नाला बहुतेक पेशंट डॉक्टरांचे मन राखण्यासाठी 'हो' म्हणतात. माहिती गोळा करण्याचा हा पहिला धडा कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर समजतो.

इंटर्नशिप आणि बाँडचे वर्ष

हे वर्ष पीजीच्या पुस्तकांत तोंड खुपसून घालवण्याची पद्धत पडली आहे. ती पूर्णपणे सोडा असे सांगणे अव्यवहार्य ठरेल, पण प्राथमिक आरोग्य केंद्रातला काळ वाया घालवू नये. तिथे तीस वर्षांवरील लोकांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी आशाताईंच्या फॉर्मपासून सुरू होते. गरोदर बाईला, ती जेवून आली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर पाहिली जाते, आणि १४० किंवा त्याहून अधिक आल्यास तिला गरोदरपणातील मधुमेह धरला जातो. पहिल्या भेटीत तपासणी निर्दोष आली तरी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती पुन्हा करायची असते. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी नव्याने करावी लागते. ओपीडीच्या गर्दीत ही उलटी कागदावर नोंदलीच जात नाही आणि त्या बाईचा खोटा 'नॉर्मल' रिपोर्ट कायमचा राहून जातो. ही तपासणी एकदा स्वतः शेवटपर्यंत उभे राहून करून पाहावी.

आहाराचा इतिहास घेणेही इथेच शिकून घ्यावे. 'भात किती खाता?' या प्रश्नाला 'थोडाच' हे ठरलेले उत्तर असते. सकाळची पेज कशाची, दुपारी भाताच्या किती मुदी, सारात नारळ किती, रात्री भाकरी तांदळाची की नाचणीची, असे एकेक वाटी धरून विचारले तरच खरे चित्र समोर येते. एप्रिल-मे महिन्यांत मालवणी आजोबा 'डॉक्टरांनु, एक आंबो खाल्लो तर चलात मां?' असे विचारतात, तेव्हा सरसकट 'नाही' म्हणणारा डॉक्टर पुढच्या भेटीत खरे उत्तर मिळण्याचा हक्क गमावतो. जेवणानंतर वाटीभर आमरस आणि वर पुऱ्या घेणे वेगळे, आणि त्या वेळचा भात कमी करून दोन फोडी खाणे वेगळे, हे शांतपणे समजावले की आजोबा पुढच्या खेपेला किती आंबे खाल्ले ते आपणहून सांगतात.

सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांना बाँडची सेवा करावी लागते. तिच्या अटी, दंडाची रक्कम आणि ती पीजीपूर्वी करायची की नंतर, हे प्रवेश घेतानाच्या कागदपत्रांत वाचून ठेवावे.

एमडी: मेडिसिन की बालरोग

डीएम एंडोक्रायनॉलॉजीकडे जाण्याचा नेहमीचा रस्ता एमडी किंवा तिच्याशी समकक्ष डीएनबी जनरल मेडिसिनमधून जातो. बालरोगातील एमडी किंवा डीएनबी करूनही तिकडे जाता येते. ज्याला टाइप १ मधुमेहाची मुले, वाढीचे आणि वयात येण्याचे प्रश्न यांत रस आहे त्याने बालरोगाचा विचार अवश्य करावा. प्रवेश नीट-पीजीतून होतो आणि एम्स, चंडीगडचे पीजीआय, पुदुच्चेरीचे जिपमर अशा संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा द्यावी लागते.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. एमबीबीएसनंतर मधुमेहाचे अल्प मुदतीचे फेलोशिप आणि सर्टिफिकेट अभ्यासक्रम पुष्कळ आहेत. गावात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला त्यांचा चांगला उपयोग होतो आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यांनी कोणी एंडोक्रायनॉलॉजिस्ट होत नाही. अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी ती पात्रता मेडिकल कौन्सिलकडे नोंदवता येते का आणि पाटीवर लिहिता येते का, याची लेखी खातरजमा करून घ्यावी.

एमडीची तीन वर्षे अंगमेहनतीची असतात. इमर्जन्सी, वॉर्ड, आयसीयू यांतून थिसिससाठी वेळ उरत नाही, आणि म्हणूनच बहुतेक थिसिस मागच्या बॅचच्या थिसिसवर नाव बदलून उभे राहतात. 'शंभर मधुमेही रुग्णांतील अमुक आणि तमुक यांचा संबंध' या साच्यातले विषय दर वर्षी नव्याने मंजूर होतात आणि कपाटात जाऊन बसतात. ते टाळायचे असेल तर विषय ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक आहे का, तो पेशंट आपल्या ओपीडीत खरोखर येतो का, आणि लागणारी तपासणी आपल्या लॅबमध्ये विश्वासाने होते का. नमुन्याचा आकार संख्याशास्त्राच्या शिक्षकाकडून माहिती गोळा करण्याआधी काढून घ्यावा. सगळे झाल्यावर त्यांच्याकडे गेल्यास ते सहानुभूतीखेरीज फारसे काही देऊ शकत नाहीत. याच काळात आयसीएमआरच्या चेन्नई येथील साथरोगशास्त्र संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करावा लागतो. तो केवळ प्रमाणपत्रासाठी उरकू नये. तीन महिन्यांच्या जिल्हा निवासी कार्यक्रमात एखाद्या जिल्हा रुग्णालयात नेमणूक होते, तेव्हा मोठ्या कॉलेजात न दिसणारा, उशिरा आलेला आणि औषध मध्येच सोडलेला पेशंट पाहायला मिळतो. त्याने औषध का सोडले हे विचारून लिहून ठेवावे.

नळी, बर्फ आणि एसटी

मधुमेहाच्या संशोधनात कोकणातली माहिती सर्वांत जास्त कुठे बिघडत असेल, तर ती सुई टोचल्यापासून यंत्रात जाईपर्यंतच्या वेळात, असे माझे मत आहे. म्हणून या गोष्टीला स्वतंत्र जागा देतो.

रक्त काढल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. साध्या नळीत रक्त तसेच ठेवले तर साखर ताशी सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घसरते. आता मंडणगड किंवा देवगड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सकाळी आठ वाजता काढलेला नमुना एसटीने किंवा रिक्षाने तालुक्याच्या लॅबमध्ये दुपारी बारा वाजता पोचतो असे धरा. सकाळी १३२ असलेली उपाशीपोटीची साखर तिथे १०० च्या आगेमागे येऊ शकते. १२६ ही मधुमेहाची सीमा असल्याने तो माणूस कागदावर मधुमेहातून सुटतो. राखाडी टोपणाच्या नळीतले फ्लोराइड ही घसरण थांबवते, पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात, आणि तोवर जी साखर कमी व्हायची ती झालेली असते. खात्रीचा उपाय म्हणजे नमुना लगेच बर्फात ठेवणे आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढणे. एक लहान सेंट्रिफ्यूज, मच्छी बाजारात मिळतो तसला थर्माकोलचा डबा, बर्फ आणि प्रत्येक नळीवर रक्त काढल्याची आणि वेगळे केल्याची वेळ लिहिण्याची शिस्त, एवढ्यावर हे काम भागते.

मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी या तपासणीत वाहतुकीचा त्रास कमी आहे, म्हणून सर्वेक्षणात तिचा मोह होतो. पण लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्ताक्षयात ती खोटी वाढलेली दिसू शकते आणि तांबड्या पेशी लवकर मोडणाऱ्या आजारांत खोटी घटलेली. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन आठ आहे तिचे ६.५ आणि तिच्या निरोगी काकांचे ६.५ यांचा अर्थ एकच लावता येत नाही. त्यामुळे एचबीए१सी जिथे मोजाल तिथे हिमोग्लोबिनही मोजावे, हा नियम आराखड्यातच लिहून टाकावा.

डीएम

डीएमच्या प्रवेशासाठीच्या नीट-एसएस या परीक्षेत मेडिसिनवाल्यांची प्रश्नपत्रिका मेडिसिनच्या गटाचीच असते आणि एंडोक्रायनॉलॉजी, कार्डिओलॉजी, गॅस्ट्रो यांतली निवड गुणांनुसार पुढे समुपदेशनात होते. एम्स आणि पीजीआयसारख्या संस्था आयएनआय-एसएस ही स्वतंत्र परीक्षा घेतात. महाराष्ट्रात मुंबईचे केईएम आणि नायर ही नावे प्रथम येतात. राज्याबाहेर दिल्लीचे एम्स, चंडीगडचे पीजीआय, लखनौचे संजय गांधी पीजीआय आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांचे विभाग जुने आणि नावाजलेले आहेत. नवख्यांचा एक घोटाळा हमखास होतो, तो इथेच दूर करतो: परळचे महापालिकेचे केईएम आणि पुण्याच्या रास्ता पेठेतले केईएम या दोन वेगळ्या संस्था आहेत. पहिली डीएमसाठी आणि दुसरी, विशेषतः तिचे मधुमेह संशोधन युनिट, संशोधनासाठी लक्षात ठेवावी. परळलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, जिथे थायरॉइडच्या कॅन्सरवर आणि अतिक्रियाशीलतेवर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार होतात.

डीएममध्ये नव्याने शिकायची गोष्ट म्हणजे हार्मोनला चालना देऊन किंवा दाबून केलेल्या चाचण्या. एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड रात्री अकराला द्यायचे आणि सकाळी आठला कॉर्टिसॉल पाहायचे, ते १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले नाही तर कुशिंगचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या आजाराचा, संशय वाढतो. ऐकायला सोपी वाटणारी ही चाचणी पेशंट गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर फसते, कारण त्या गोळ्यांतले इस्ट्रोजेन कॉर्टिसॉलला धरून ठेवणारे प्रथिन वाढवते. कणकवलीहून रात्रीच्या गाडीने निघालेली पेशंट ती गोळी बरोबर अकराला घेते की झोपेतून उठून दोनला, आणि ती सकाळी आठला लॅबमध्ये असते की ठाण्याच्या गर्दीत, हेही रेसिडेंटनेच विचारायचे असते. चांगला रेसिडेंट आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो आकडा कसा आला याची चौकशी करतो.

संशोधन वेगळे शिकावे लागते

डीएम झालेला डॉक्टर उत्तम निदान करतो, म्हणून तो उत्तम संशोधक असतोच असे नाही. अभ्यासाची रचना, साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र आणि लेखन ही चार कौशल्ये निराळी आहेत. ज्याला पूर्ण वेळ या बाजूला द्यायचा आहे त्याने पीएचडीचा विचार करावा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात त्याची सोय आहे. आयसीएमआरचे अनुदान, क्लिनिकल संशोधकांसाठी इंडिया अलायन्सची फेलोशिप आणि १९७२ साली स्थापन झालेल्या आरएसएसडीआय या मधुमेह संशोधन संस्थेचे लहान प्रकल्पांचे अनुदान, हे पैशाचे नेहमीचे मार्ग आहेत. परदेशी जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी पुन्हा करून मग एंडोक्रायनॉलॉजीची साधारण दोन वर्षांची फेलोशिप करावी लागते. भारतातील डीएम तिथे थेट चालत नाही.

नियमांची बाजू थोडक्यात सांगतो. माणसांवरचा कोणताही अभ्यास इथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही आणि उपचाराची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्यापूर्वी ती सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवावी लागते. संमतिपत्र पेशंटला समजेल अशा मराठीत असावे. ज्याला वाचता येत नाही त्याला ते त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावे आणि अंगठ्याबरोबर साक्षीदाराची सही घ्यावी. कोकणात डॉक्टरच्या शब्दाला मान असल्यामुळे लोक न विचारता सही करतात, आणि नेमक्या याच कारणाने 'नाही म्हणालात तरी औषध तेच मिळेल' हे वाक्य आपण तोंडाने उच्चारणे आवश्यक असते. पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांची ई-मेल प्रत्येक रेसिडेंटला येतात. ती सरळ पुसून टाकावीत.

प्रश्न कुठून आणायचा

भारतीय मधुमेह संशोधनातले गाजलेले काम परदेशी प्रश्नाची नक्कल करून झालेले नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का होतो, या कोड्याची सुरुवात जन्माआधीच होत असावी, असा विचार त्यातून पुढे आला. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला: दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१. जास्त चरबी अर्थातच आपल्या पुणेकरांची होती.

हीच बाब किनाऱ्यावर आणून पाहावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले आणि सर्वांत जास्त, २६.४ टक्के, गोव्यात. भात, मासे, नारळ आणि हवामान यांत गोव्याशी इतके साम्य असलेल्या सावंतवाडी-वेंगुर्ल्यात नेमके काय आहे, आणि फरक असेल तर तो कशामुळे, हा प्रश्न सिंधुदुर्गातल्या डॉक्टरने विचारायचा नाही तर कोणी? डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने परिसरातील किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, म्हणजे असे काम मुंबईबाहेर, आपल्या लाल मातीतही उभे राहू शकते.

आणखी काही प्रश्न नमुन्यादाखल देतो. हडकुळ्या तरुणाला मधुमेह आढळला तर तो टाइप १ आहे, स्वादुपिंडातील खड्यांमुळे झालेला आहे, की कुपोषणाशी निगडित असलेला आणि आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये 'टाइप ५' म्हणून मान्य केलेला प्रकार आहे? सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते याची खूण), जीएडी अँटिबॉडी (टाइप १ ची खूण) आणि पोटाची सोनोग्राफी एवढ्यावर त्याची वर्गवारी सुरू करता येते. लावणीच्या दिवसांत तासन् तास चिखलात उभ्या राहणाऱ्या मधुमेही बाईच्या पायाचे काय होते? किनारी कर्नाटकात, पावसाळ्यात मधुमेहींना गाठणारा मेलिऑइडोसिस हा मातीतल्या जिवाणूचा आजार चांगला परिचित आहे. आपल्या लॅबमध्ये तो ओळखला तरी जातो का? बोटीवर आठ-दहा दिवस राहणारा खलाशी इन्सुलिन कुठे ठेवतो, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत घरी असताना त्याची साखर सुधारते की बिघडते?

इन्सुलिनचा मुद्दा किरकोळ समजू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. फ्रिज नसेल तर इन्सुलिन पाणी भरलेल्या मडक्यात ठेवा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. बाष्पीभवनाने थंड होणारे मडके मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालते. हवाच पाण्याने जड झालेल्या कोकणी जुलैत ते किती अंश खाली उतरते, हे एका थर्मामीटरने आणि एका वहीने मोजण्याजोगे काम आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी ते करू शकतो.

परत आल्यावर

डीएम करून रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळला परतणाऱ्याने संशोधन सुटले असे समजू नये, पण मुंबईसारखी लॅब दाराशी असेल अशी अपेक्षाही ठेवू नये. पहिल्या वर्षी तीन कामे करावीत. प्रत्येक पेशंटसाठी एकाच साच्यातली नोंद ठेवावी: निदानाचे वय, त्या वेळचे वजन, कमरेचा घेर, आईवडिलांना मधुमेह आहे का, पायाची तपासणी, डोळ्यांची तारीख. माहितीत पेशंटचे नाव आणि क्रमांक वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये असावेत. दुसरे, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी मानद शिक्षक म्हणून जोडून घ्यावे, कारण खासगी दवाखान्याला स्वतःची इथिक्स कमिटी चालवणे सहसा परवडत नाही आणि कॉलेजच्या कमिटीकडे सहकार्याने प्रस्ताव नेता येतो. तिसरे, एक आहारतज्ज्ञ आणि एक नर्स यांना मोनोफिलामेंट, कमरेचा घेर आणि नळीवरची वेळ या गोष्टींत स्वतः तयार करावे; त्यांनी आणि आपण त्याच दहा पेशंटांचे वेगवेगळे माप घेऊन ते जुळते का हे दर सहा महिन्यांनी तपासावे, आणि जुळले नाही तर त्या सहामाहीची मापे अभ्यासात घेऊ नयेत.

चाकरमान्यांच्या येण्याजाण्याचाही नोंदीत विचार करावा लागतो. म्हातारी आई चार महिने लालबागला मुलाकडे आणि आठ महिने गावी असते, औषधे तिकडची, तपासण्या इकडच्या. अशा पेशंटला 'फॉलोअपला आली नाही' या रकान्यात टाकले तर निम्मा अभ्यास खोटा होतो. तिच्या कार्डावर मुंबईतल्या मुलाचा फोन आणि तिकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत लावून ठेवावी, आणि पुढच्या भेटीची तारीख शक्यतो गणपती, शिमगा किंवा मे महिन्याच्या आसपासची द्यावी.